अनुदान संपल्यानंतरही चालणारा उद्योग: ग्रामीण संस्था नेमके काय करते?

पुण्याच्या नळाला येणारे पाणी ज्या पानशेत, वरसगाव आणि टेमघर धरणांतून येते, ती धरणे वेल्हे आणि मुळशीच्या डोंगरांत आहेत. तिथे पावसाळ्यात चार महिने आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याच डोंगरांतल्या अनेक वाड्यांना हंडाभर पाण्यासाठी वणवण करावी लागते. शेती बहुतांशी पावसावरची, भात आणि नाचणी-वरई असे एकच पीक देणारी. ते निघाले की घरातला कर्ता पुरुष पुण्यात सुरक्षारक्षक म्हणून, एखाद्या हॉटेलात, किंवा पिरंगुट, खेड-शिवापूर, चाकण येथील कारखान्यांत कंत्राटी कामगार म्हणून जातो. मागे म्हातारी माणसे, बायका आणि शाळकरी मुले उरतात. अशा गावांत छोटे उद्योग उभे करणाऱ्या आणि गावाच्या शाश्वत विकासासाठी झटणाऱ्या संस्था पुणे जिल्ह्यात बऱ्याच आहेत. मात्र सोमवार ते शनिवार या संस्था नेमके काय करतात, हे त्यांना देणगी देणाऱ्या शहरी माणसाला सहसा ठाऊक नसते आणि ज्यांच्यासाठी काम चालते त्या गावकऱ्यांनाही पुष्कळदा नीट सांगितलेले नसते.

पैसे वाटणे हे अशा संस्थेचे मुख्य काम नव्हे. पैसे वाटण्यासाठी सरकारच्या योजना आहेत आणि कर्ज देण्यासाठी बँका आहेत. नवा उद्योग सुरू होऊन स्वतःच्या पायावर उभा राहीपर्यंतच्या काळात असे काही खर्च असतात, जे बाजार उचलत नाही, बँकेला परवडत नाहीत आणि सरकारी योजनेच्या रकान्यात बसत नाहीत. शिकण्याचा खर्च, एकमेकांवर विश्वास बसेपर्यंत लागणाऱ्या वेळेचा खर्च, पहिला माल बिघडला तर होणारा खर्च. हा भार काही वर्षे उचलणे आणि मग तो उद्योगाच्या खांद्यावर रीतसर सोपवून बाजूला होणे, हे संस्थेचे खरे काम आहे. पुढचे सारे विवेचन याच एका गोष्टीभोवती आहे.

'छोटा' म्हणजे किती छोटा?

सरकारी व्याख्येत सूक्ष्म उद्योग हा फार रुंद रकाना आहे. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीत अडीच कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटी रुपयांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म ठरतो. म्हणजे भोसरीतला चांगला चाललेला वर्कशॉप आणि वेल्ह्यात घराच्या पडवीत शेवयांचे यंत्र बसवलेली बाई कागदावर एकाच वर्गात येतात. ग्रामीण संस्था ज्यांच्यासोबत काम करते ते उद्योग या दुसऱ्या प्रकारचे असतात: पिठाची गिरणी, दोन-चार शेळ्या, गावरान कोंबड्या, रोपवाटिका, हातसडीचा तांदूळ, नाचणीचे पापड, शिवणकाम. यांची उलाढाल काही हजारांत किंवा थोड्या लाखांत असते आणि धंद्याचा पैसा व घरखर्चाचा पैसा एकाच डब्यात असतो.

बँकेच्या दृष्टीने पाहिले तर वीस हजारांच्या कर्जाला जवळजवळ तितकीच कागदपत्रे आणि तितकाच वेळ लागतो जितका वीस लाखांच्या कर्जाला, पण व्याजातून मिळणारी रक्कम मात्र नगण्य असते. व्यापाऱ्याला एकाच दर्जाचा पाचशे किलो माल ठरल्या दिवशी हवा असतो. दहा बायकांनी दहा चुलींवर केलेल्या दहा चवींच्या मालाचे त्याला काही करता येत नाही. सरकारी प्रशिक्षण काही दिवसांचे असते आणि मार्चअखेर उद्दिष्ट पूर्ण झाले की फाईल बंद होते. यातले कोणीही दुष्ट नाही. प्रत्येकाची रीत वेगळी आहे आणि त्या रीतींच्या मधोमध गावातला उद्योग अडकलेला आहे, इतकेच.

बचत गटाची वही

महाराष्ट्रात बहुतेक संस्थांचे काम बचत गटापासून सुरू होते. दहा ते वीस बायका दर महिन्याला ठरावीक रक्कम जमा करतात आणि त्यातूनच एकमेकींना कर्ज देतात. १९९२ साली नाबार्डने, म्हणजे राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने, असे गट बँकांना जोडण्याचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला. राज्यात महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, आणि २०११ पासून 'उमेद' हे राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान हे काम करते. आणि खेड तालुक्यातील राजगुरुनगर येथील 'चैतन्य'सारख्या संस्थांनी गट आणि गटांचे संघ बांधण्यात मोठा वाटा उचलला आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि चोख हिशेब ही पंचसूत्री गावोगावच्या बायकांना तोंडपाठ असते.

ही पंचसूत्री प्रत्यक्षात कशी चालते ते पाहण्यासारखे आहे. सतरंजीवर बैठक बसते, एक जण पैसे मोजते, दुसरी वहीत लिहिते, तिसरी लिहिलेले मोठ्याने वाचते, आणि मग प्रत्येकीच्या पासबुकात नोंद होते. समजा, गटात बारा जणी आहेत आणि महिन्याची बचत दोनशे रुपये आहे. महिन्याला २,४०० आणि वर्षाला २८,८०० रुपये जमतात. त्यातून एकीला शेळी घेण्यासाठी पाच हजार हवे आहेत. बाकीच्या विचारतात की चारा कुठला, आधीचा हप्ता का थकला होता, घरच्यांना विचारले का. कोणताही बँक अधिकारी यापेक्षा चांगली चौकशी करू शकणार नाही, कारण त्या एकमेकींच्या शेजारी राहतात.

आता व्याज. बहुतेक गट आपसांतल्या कर्जाला महिना शेकडा दोन रुपये व्याज लावतात. वर्षाला चोवीस टक्के हा दर ऐकून शहरातला माणूस दचकतो. पण इथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली अशी की हे व्याज गटाच्याच निधीत जमा होते. म्हणजे कर्ज घेणारी बाई स्वतःही त्या व्याजाची वाटेकरी असते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि ती समजावून सांगण्यात कार्यकर्तीचे अनेक तास जातात: व्याज उरलेल्या मुदलावर आकारायचे की मूळ रकमेवर. पाच हजारांचे कर्ज दरमहा पाचशे मुद्दल देऊन दहा महिन्यांत फेडले आणि व्याज शिल्लक मुदलावर घेतले, तर पहिल्या महिन्यात शंभर, दुसऱ्या महिन्यात नव्वद असे उतरत जाऊन एकूण व्याज ५५० रुपये होते. तेच दोन रुपये शेकडा मूळ रकमेवर शेवटपर्यंत धरले, तर व्याज पूर्ण एक हजार होते. तोंडी सांगितलेला दर एकच, पण खिशातून जाणारी रक्कम जवळपास दुप्पट. ज्या बाईला हा फरक एकदा कळला, तिला पुढे कोणताही कर्ज देणारा सहजी फसवू शकत नाही. मला विचाराल तर ग्रामीण संस्थेने गावाला दिलेली ही सर्वांत टिकाऊ देणगी आहे.

सहा महिने गट नीट चालला की बँक कर्ज देते. दीनदयाळ अंत्योदय योजनेखालील महिला गटांना तीन लाखांपर्यंतच्या कर्जावर सात टक्के व्याजदराची सोय आहे. गावात घडलेल्या सहा महिन्यांच्या शिस्तीला बँकेच्या लेखी असे मोल येते, आणि म्हणून वही कोण लिहिते हा प्रश्न किरकोळ नाही. कार्यकर्तीने दर महिन्याला येऊन स्वतः वही लिहून देणे हा सगळ्यांत सोपा मार्ग असतो आणि तोच पुढे सगळ्यांत महाग पडतो, कारण ती बदलून गेली की वही थांबते, वही थांबली की शंका सुरू होतात आणि शंका सुरू झाल्या की गट मोडतो. म्हणून चांगली संस्था सातवी-आठवी शिकलेल्या गावातल्याच मुलीला किंवा सुनेला शिकवते. सुरुवातीला खाडाखोड होते, बेरजा चुकतात, बैठक दोन तास लांबते. हा वेळ वाया गेलेला नसतो.

हिशेब येण्यासाठी अक्षरओळख असावीच लागते असेही नाही. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे चेतना सिन्हा आणि माण तालुक्यातील बायकांनी बँक काढण्यासाठी केलेला पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला होता, कारण प्रवर्तक सभासदांत निरक्षर बायका होत्या. त्यांनी लिहायला-वाचायला शिकायला घेतले, पुन्हा जाऊन आपण तोंडी व्याज मोजून दाखवू शकतो असे अधिकाऱ्यांना सांगितले, आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

एक किलो पापडाचा हिशेब

गट चालू लागला की धंद्याचा विचार येतो आणि तिथे बहुतेक उपक्रम अडखळतात. उदाहरणादाखल नाचणीच्या पापडांचा हिशेब मांडून पाहू. आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, पण रीत अगदी खरी आहे.

गटाने प्रदर्शनात पापड दोनशे रुपये किलोने विकले. नाचणी, तीळ, मीठ, पापडखार, हिंग, तेल असा कच्चा माल किलोमागे ८५ रुपयांचा लागला. बायका म्हणतात, किलोला ११५ रुपये सुटले. कार्यकर्ती विचारते: दळण, गॅस, पिशवी आणि लेबल? त्याचे २५. गावाहून पुण्याला येण्याचे भाडे आणि स्टॉलचे शुल्क किलोमागे वाटले तर? ३० होतात. वाटेत तुटलेले आणि न खपलेले पापड? १५ धरा. एकूण खर्च १५५ झाला आणि हाती ४५ रुपये राहिले.

आणि बायकांचा वेळ? पाच जणींनी दिवसभर, म्हणजे आठ तास बसून दहा किलो पापड केले. चाळीस तासांत दहा किलो, म्हणजे किलोमागे चार तास. पंचेचाळीस रुपयांना चार तासांनी भागले तर तासाला सव्वाअकरा रुपये आणि आठ तासांच्या दिवसाला ९० रुपये पडतात. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावरची दिवसाची मजुरी २९७ रुपये होती. ज्या राज्याने १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमीची कल्पना देशाला दिली, त्याच राज्यात खडी फोडण्यापेक्षा स्वतःचा उद्योग करणे तिपटीहून अधिक तोट्याचे ठरत असेल, तर त्या उद्योगाला सक्षमीकरण म्हणताना दहादा विचार करायला हवा.

हा हिशेब फळ्यावर मांडला की बैठकीत काही क्षण कोणी बोलत नाही. पुढे संस्थेच्या कामाला खरी सुरुवात होते. पापड लाटण्याचे यंत्र आणले तर किलोमागचे चार तास दोनवर येतात. पुण्यातल्या एखाद्या दुकानाची किंवा गृहसंकुलाची दरमहा ठरलेली मागणी मिळाली, तर भाडे आणि स्टॉलचा तीस रुपयांचा खर्च दहावर येतो. यंत्राची वीज आणि देखभाल किलोमागे पाच रुपये धरली, तरी हाती साठ रुपये राहतात आणि दिवसाची मजुरी २४० रुपयांपर्यंत जाते. ती अजूनही २९७ च्या खालीच आहे. मग नाचणी सुगीच्या वेळी एकत्र खरेदी करून साठवायची का, किंमत वाढवायची का, की पापड सोडून दुसरेच काही करायचे, हे प्रश्न आकड्यांनिशी विचारता येतात. कधीकधी प्रामाणिक उत्तर असे निघते की हा धंदा करूच नये. ते सांगण्याचे धैर्य ज्या संस्थेत आहे, तिच्यावर भरवसा ठेवावा.

यंत्राबाबतही एक गोष्ट सांगायला हवी. अनुदानातून मिळालेली आणि धूळ खात पडलेली यंत्रे पुष्कळ गावांत दिसतात, आणि त्याचे कारण बहुधा आळस हे नसते. यंत्राला थ्री-फेज वीज लागते आणि वाडीवर ती नसते. पट्टा तुटतो आणि दुरुस्ती करणारा पुण्याहून यावा लागतो. किंवा महिन्यात तीनच दिवस चालवण्याइतके काम असते. या अडचणीवरचा एक विचारपूर्वक मार्ग शिरूर तालुक्यातील पाबळ येथे सापडतो. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा अर्धवट सुटलेल्या मुलांनी वेल्डिंग, वीजजोडणी, शेती-पशुपालन, अन्नप्रक्रिया ही कामे हाताने करत शिकायची आणि शिकता शिकताच गावाला तीच सेवा मोबदला घेऊन द्यायची, ही तिथली पद्धत आहे. अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने २००२ साली पाबळमध्ये फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू घडवण्याची कार्यशाळाही उभी राहिली. पापडाचे यंत्र टिकायचे असेल तर पंचक्रोशीत ते दुरुस्त करणारा तरुण असावा लागतो, आणि तो तरुण तयार करणे हाही ग्रामीण उद्योगाचाच भाग आहे.

परवाने आणि विक्री हा भाग कंटाळवाणा असला तरी टाळता येत नाही. अन्नपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. वेष्टणावर घटकपदार्थ, निव्वळ वजन, उत्पादनाची तारीख, बॅच क्रमांक असे तपशील छापावे लागतात. २०२० पासून सुरू असलेल्या पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत पात्र खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाख रुपये, कर्जाशी जोडलेले अनुदान मिळते आणि बचत गटातील सभासदांना माणशी ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद आहे. विक्रीसाठी पुण्यात डिसेंबरच्या सुमारास भरणारी भीमथडी जत्रा गटांना मोठा आधार देते. परंतु प्रदर्शनाचे दिवस थोडे असतात आणि उद्योगाला वर्षभराचे गिऱ्हाईक लागते. वेल्हे-मुळशीसारख्या भागात तर जून ते सप्टेंबर ऊनच नसते, म्हणजे वाळवणाचा माल उन्हाळ्यात करून ठेवावा लागतो किंवा सौर वाळवणयंत्राची सोय लागते, आणि तेवढे महिने त्या मालात अडकून पडणारे खेळते भांडवल कोणीतरी द्यावे लागते.

मालकी कोणाची?

संस्था स्वतः सार्वजनिक विश्वस्त संस्था, नोंदणीकृत सोसायटी किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील कंपनी असते. तिन्हींमध्ये नफा वाटता येत नाही आणि धर्मादाय संस्थेने स्वतः व्यापार करण्यावर आयकर कायद्याच्या मर्यादाही आहेत. म्हणून उद्योगाचे घर वेगळे हवे. वैयक्तिक धंदा असेल तर त्या बाईच्या किंवा कुटुंबाच्या नावावर. सामूहिक असेल तर गट, गावपातळीवरचा ग्रामसंघ, त्याच्या वरचा प्रभागसंघ, सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी. उत्पादक कंपनीची तरतूद कंपनी कायद्यात २००२ साली आली. किमान दहा उत्पादक एकत्र येऊन ती स्थापन करू शकतात, आणि सभासदाचे शेअर कितीही असले तरी मत एकच, हा सहकाराचा गाभा तिच्यात राखला आहे.

कागदावर हे सोपे वाटते. अडचण अशी होते की पहिली काही वर्षे ब्रँड संस्थेचा असतो, दुकानदाराशी बोलणे संस्थेचा माणूस करतो, बँकेच्या खात्यावर सहीचा अधिकार संस्थेकडे असतो, आणि हे सगळे गावाच्या सोयीसाठी म्हणूनच झालेले असते. त्यातून सवय लागते. दहा वर्षांनीही बायका म्हणतात की "आम्ही संस्थेचे पापड करतो". हे वाक्य कानावर आले की संस्थेने कितीही चांगले अहवाल लिहिलेले असोत, मालकी गावाकडे गेलेली नाही असे समजावे.

शाश्वत म्हणजे काय, हे पुरंदरमध्ये

शाश्वत विकासाची १९८७ सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालातील व्याख्या अशी की, आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवता येणार नाहीत असे काही करू नये. गावाच्या भाषेत विचारायचे तर: हा धंदा चालण्यासाठी विहिरीतून किती पाणी उपसले जाईल, जंगलातून किती लाकूड जाईल, आणि ते पुढच्या वर्षी भरून येईल का?

पुणे जिल्ह्यात या प्रश्नाचे सर्वांत धाडसी उत्तर पुरंदर तालुक्यात दिले गेले. १९७२ च्या दुष्काळानंतर पुण्याचे उद्योजक अभियंता विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथे देवस्थानची पडीक जमीन कसायला घेऊन पावसाचे पाणी अडवण्याचे प्रयोग केले, ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन केले आणि त्यातून पाणी पंचायतीची कल्पना आकाराला आली. पाण्याचा वाटा जमिनीच्या मालकीवर ठरवायचा नाही, तर घरातल्या माणसांवर: माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्यात हक्क. या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही. योजनेच्या खर्चाचा एक हिस्सा लाभार्थींनी आधी स्वतः भरायचा. यातला प्रत्येक नियम कोणाच्या ना कोणाच्या हितसंबंधांना धक्का देणारा होता, आणि तरीही गावकऱ्यांनी तो आपला आपण पाळायचा होता. ग्रामीण विकासात याहून स्पष्ट बोललेले मी फार थोडे वाचले आहे. पाणी अडवणे हे तुलनेने सोपे काम आहे. अडवलेल्या पाण्याचे वाटप ठरवणे आणि ते टंचाईच्या वर्षीही टिकवणे हे अवघड आहे, आणि संस्थेची कसोटी तिथेच लागते.

जंगलावर अवलंबून असलेल्या धंद्यात हाच प्रश्न दुसऱ्या रूपात येतो. जुन्नर, आंबेगाव आणि खेड तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी कुटुंबांसाठी हिरडा हे हातात रोख पैसे आणणारे पीकच आहे. उन्हाळ्यात कोवळा बाळहिरडा गोळा करायचा, काळा होईपर्यंत वाळवायचा आणि विकायचा. घरात साठवायला कोरडी जागा नाही आणि जूनच्या बी-बियाणांसाठी पैसा तातडीने हवा, म्हणून भाव घेणाराच ठरवतो. इथे साठवणुकीची सोय, वजनकाटा, ओलावा पाहून प्रतवारी आणि एकत्रित विक्री एवढ्यानेच उत्पन्नात फरक पडतो. केंद्र सरकारची २०१८ पासूनची वनधन योजना साधारण तीनशे संग्राहकांच्या केंद्राला पंधरा लाखांपर्यंत साहाय्य देते ते यासाठीच. मात्र भाव वाढला की फांद्या तोडून घाईने माल काढण्याचा मोहही वाढतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक वनहक्क मिळवता येतो, आणि तो मिळाला तर कोणते झाड कधी आणि किती झोडायचे याचा नियम ग्रामसभेला करता येतो. त्यामुळे वनहक्काचा दावा भरून देणे आणि हिरड्याचा भाव वाढवणे ही दोन खात्यांतली दोन कामे नाहीत. पहिले नीट झाले नाही तर दुसरे काही वर्षांत जंगल संपवते.

वेळ आणि पैसा

मणिभाई देसाई १९४६ साली महात्मा गांधींबरोबर उरुळीकांचनला आले आणि तिथेच राहिले. त्यांनी १९६७ साली स्थापन केलेली बाएफ ही संस्था आज पुण्यात वारजे येथून देशभर काम करते. शेतकऱ्याच्या दारात जाऊन गायी-म्हशींना कृत्रिम रेतनाची सेवा देणे हे तिचे मूळ काम. आणि १९८२ साली दक्षिण गुजरातमधील वांसदा भागात आदिवासी कुटुंबांबरोबर सुरू झालेला 'वाडी' कार्यक्रम हे दुसरे मोठे काम. एक एकर पडीक जमिनीवर आंबा-काजूची कलमे, बांधावर जंगली झाडे, मधल्या जागेत भाजीपाला व धान्य, आणि पाण्याची जेमतेम सोय. कलम लावल्यापासून बऱ्यापैकी उत्पन्न यायला चार-पाच वर्षे लागतात. त्या काळात कुटुंब स्थलांतर करून गेले तर रोपे मरतात. म्हणून आंतरपिकांतून घर चालवावे लागते, कुंपण राखावे लागते आणि संस्थेच्या कार्यकर्त्याला पाच उन्हाळे येत राहावे लागते.

आता याच्या शेजारी निधीचे वेळापत्रक ठेवून पाहावे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार पाचशे कोटींचे नक्त मूल्य, एक हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. हिंजवडी, चाकण, रांजणगाव येथील उद्योगांमुळे पुण्यातील संस्थांना हा निधी मोठा आधार झाला आहे. पण प्रकल्प बहुधा एका वर्षाचा, फार तर तीन वर्षांचा मंजूर होतो. परदेशी निधीबाबत परदेशी देणगी नियमन कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली. देणगीदाराला स्वाभाविकपणे आपले पैसे 'प्रत्यक्ष कामावर' जावेत असे वाटते, आणि प्रत्यक्ष काम म्हणजे दिसणारी वस्तू, असे तो समजतो. ज्या यंत्रावर कंपनीचे नाव रंगवता येते त्याला पैसे लगेच मिळतात. जी ताई दर आठवड्याला एसटीने वाडीवर जाऊन व्याजाचा हिशेब शिकवते, हिरड्याच्या वजनकाट्यापाशी उभी राहते, वनहक्काच्या दाव्याचे कागद जमवते, तिचा पगार मात्र कागदावर 'वरखर्च' ठरतो. या क्षेत्रातली ही सर्वांत हानिकारक चूक आहे असे मला ठामपणे वाटते, कारण तिचे तास हेच प्रत्यक्ष काम आहे आणि यंत्र हे त्या कामाचे एक साधन आहे.

म्हणून पुण्यातल्या एखाद्या वाचकाला अशा संस्थेला मदत करायची असेल, तर किती महिलांना प्रशिक्षण दिले हा आकडा विचारण्यापेक्षा काही वेगळे प्रश्न विचारावेत. तीन वर्षांपूर्वी सुरू केलेल्या उद्योगांपैकी आज किती चालू आहेत आणि बंद पडलेले का पडले? बायकांच्या एका दिवसाच्या कामाला किती मजुरी पडते, हे संस्थेने काढले आहे का? उत्पादक कंपनीचे अध्यक्षपद आतापर्यंत कितीदा बदलले? गावातून बाहेर पडण्याची तारीख ठरली आहे का, आणि ती गावाला माहीत आहे का?

बाहेर पडणे ही एका दिवसात उरकण्याची गोष्ट नाही. आधी कार्यकर्तीच्या भेटी महिन्यावर येतात, मग तीन महिन्यांवर. संघ आपल्या गटांकडून हिशेब तपासण्याचे आणि कर्जाची कागदपत्रे करून देण्याचे सेवाशुल्क घेऊ लागतो. सुरुवातीला शुल्कावरून कुरबुर होते, "इतकी वर्षे फुकट होते, आता पैसे कसले" असे बैठकीत स्पष्ट विचारले जाते, आणि त्यावर संस्थेने नव्हे तर संघाच्या अध्यक्षेने उत्तर द्यायचे असते. शुल्क जमू लागले की संघ स्वतःची लेखापाल नेमतो. पहिल्या वर्षी तिचा अर्धा पगार संस्था देते, दुसऱ्या वर्षी पाव. ज्या वर्षी तिचा पूर्ण पगार आणि लेखापरीक्षकाची फी संघाच्या खात्यातून जाते, त्या वर्षापासून कार्यकर्तीला पुढच्या खोऱ्यातली गावे देता येतात.